पडद्यावरचे निदान डॉक्टरांना पटायलाच हवे का?

पंचगंगाकाठ (कोल्हापूर)

आम्ही काही जण मिळून कोल्हापुरात दर महिन्याला एक चित्रपट पाहतो आणि नंतर चहा घेत त्यावर बोलत बसतो. गेल्या खेपेस इंगमार बर्गमन यांचा १९६१ सालचा ‘थ्रू अ ग्लास डार्कली’ लावला होता. मनोरुग्णालयातून नुकतीच घरी आलेली कारिन, तिचा डॉक्टर नवरा, लेखक वडील आणि धाकटा भाऊ अशी चारच माणसे, एक बेट आणि जेमतेम एका दिवसाचा अवधी, एवढ्यावर सगळा चित्रपट उभा आहे. माडीवरच्या रिकाम्या खोलीत भिंतीच्या कागदामागून कारिनला आवाज ऐकू येतात आणि त्या भिंतीतून देव बाहेर येणार, अशी तिची खात्री झालेली असते. चित्रपट संपल्यावर सगळे गप्प असताना मागच्या रांगेतले एक वयस्कर डॉक्टर म्हणाले, “चित्रपट सुंदर आहे, पण या मुलीला नेमके काय झाले आहे ते मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही.” काही जण हसले, काहींना राग आला आणि पुढचा तासभर वाद कलेकडून वैद्यकाकडे आणि वैद्यकाकडून पुन्हा कलेकडे हेलकावे खात राहिला.

त्या वादात मी फारसा बोललो नाही, कारण त्यात माझा स्वार्थ गुंतलेला होता. गेली दोन वर्षे मी एका चाळीस मिनिटांच्या चित्रपटाची संहिता लिहितो आहे. नायक आमच्याकडच्या एका गुऱ्हाळावरचा शेहेचाळीस वर्षांचा गुळव्या आहे. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी वळून पाहायची आणि काहील, म्हणजे पाकाची मोठी कढई, नेमकी कधी उतरवायची ते सांगायचे, हे त्याचे काम, आणि पंचवीस वर्षांत त्याचा हात कधी चुकलेला नाही. एका हंगामात तो चुकू लागतो. काहील लवकर उतरते आणि गूळ मऊ राहतो. दुसऱ्या दिवशी उशीर होतो आणि गूळ काळा पडतो. चुलवणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, चिपाड घालणारा माणूस आपल्याविरुद्ध कुजबुजतो आहे असे त्याला वाटू लागते, मग चुलवणच बोलते आहे असे वाटते. शेवटी घरचे त्याला शहरात डॉक्टरांकडे नेतात, डॉक्टर त्याची चौकशी करतात आणि सांगतात की हा स्किझोफ्रेनिया आहे. माझ्या लेखी हे दृश्य तीन मिनिटांचे आहे.

माझा प्रश्न असा की, ज्या चित्रपटाचा भर कथेपेक्षा अनुभवावर आहे, त्यातील आजार वैद्यकाच्या कसोटीला उतरायलाच हवा का? आणि उतरायला हवा असेल, तर लक्षणांची यादी जुळली म्हणजे तो उतरला असे मानायचे का? येथे मनोविकारांशी व्यवसायाने किंवा घरच्या अनुभवाने संबंध असलेले वाचक असतील, त्यांनी स्पष्ट लिहावे.

मनोमन

मी गेली अनेक वर्षे मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो. आपल्या मागच्या रांगेतले डॉक्टर जे म्हणाले, त्यात चित्रपटाची निंदा नव्हती असे मला वाटते. एका दिवसाच्या माहितीवर मलाही ठरवता आले नसते आणि कोणी ठरवले असते तर मी त्याच्याकडे संशयाने पाहिले असते. आमच्या शास्त्रात रक्ताचा एखादा अहवाल पाहून स्किझोफ्रेनिया सांगता येत नाही. लक्षणे कोणती, ती किती काळ टिकली आणि त्यांमुळे माणसाच्या कामात व नात्यांत काय बिघडले, यांवर निदान उभे राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार लक्षणे किमान महिनाभर असावी लागतात आणि अमेरिकन पद्धतीत आजाराच्या खुणा एकूण सहा महिने दिसाव्या लागतात. म्हणजे काळ हा निदानाचाच भाग आहे, आणि चित्रपटाला नेमका तोच परवडत नाही.

आपल्या संहितेबद्दल बोलायचे तर मला लक्षणांपेक्षा वय खटकले. पुरुषांमध्ये हा आजार बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो. शेहेचाळीस वर्षांच्या, तोपर्यंत ठणठणीत असलेल्या माणसाला पहिल्यांदाच आवाज ऐकू येऊ लागले आणि ज्या कामात त्याचा हात बसलेला आहे तेच काम बिघडू लागले, तर माझ्या मनात स्किझोफ्रेनियाचे नाव सर्वांत आधी येणार नाही. मी आधी दारूबद्दल विचारीन, आणि त्याला एकट्याला न विचारता बायकोलाही वेगळे विचारीन, कारण रोजची दारू अचानक सुटल्यावरही माणसाला आवाज येऊ शकतात. मग थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व, फिट्सचा इतिहास आणि मेंदूचे स्कॅन. पंचेचाळिशीनंतर निर्णयशक्ती आणि वागणूक आधी बदलणारा व स्मरणशक्ती बराच काळ शाबूत ठेवणारा एक स्मृतिभ्रंशाचा प्रकारही असतो. गुळव्याच्या हाताची चूक वाचताना मला तोच आठवला. एवढे सगळे मनात असताना तीन मिनिटांत आजाराचे नाव सांगून मोकळा होणारा डॉक्टर मला पटणार नाही. केसपेपरवर आम्ही पहिल्या भेटीत आजाराचे नाव लिहितो तेव्हा त्याच्या आधी बहुतेक वेळा प्रश्नचिन्ह काढतो. ते प्रश्नचिन्ह मी अजून एकाही चित्रपटात पाहिलेले नाही.

आता आवाजांविषयी. आवाज हे पुष्कळदा कुजबुजीपेक्षा फार स्पष्ट असतात आणि रुग्णाबद्दल तिऱ्हाईतासारखे बोलतात. दोघे जण आपापसांत बोलत असावेत तसे, “ह्यो बघ उठला. आता पानी पिनार,” असे चालू राहते. कोल्हापूरच्या रुग्णाला ऐकू येणारे आवाज कोल्हापुरीच बोलतात. आकाशवाणीच्या मराठीत बोलणारा भास मला अद्याप भेटलेला नाही. चित्रपटवाल्यांना कानापेक्षा डोळा जवळचा असल्याने ते ऐकू येणाऱ्या गोष्टी दिसणाऱ्या करून टाकतात. ‘अ ब्युटिफुल माइंड’ या गाजलेल्या चित्रपटात गणितज्ञ जॉन नॅश यांना हाडामांसाची माणसे दिसतात. प्रत्यक्षात त्यांना आवाज ऐकू येत असत. माणसे किंवा प्राणी स्पष्ट दिसण्याचे भास दारू सुटल्यावरच्या भ्रमावस्थेत आणि मेंदूच्या काही आजारांत अधिक आढळतात. त्या मानाने बर्गमन किती सावध आहेत ते पाहावे. कारिनला शेवटी देव कोळ्याच्या रूपात दिसतो, पण प्रेक्षकाला कोळी दिसत नाही. उघडलेले कपाट आणि तिचा चेहरा एवढेच दिसते. आमच्यासमोर बसलेल्या रुग्णाच्या बाबतीत आम्हालाही तेवढेच दिसत असते.

तेव्हा यादी जुळली म्हणजे कसोटीला उतरले, असे मी म्हणणार नाही. यादी पाठ करून केलेला अभिनय मला चटकन ओळखू येतो, कारण त्यात एका दृश्यात सगळी लक्षणे असतात.

जाता जाता एक विनंती. विद्युत उपचारांचे दृश्य घालणार असाल आणि कथा आजच्या काळातली असेल, तर भूल देणारा डॉक्टर दाखवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय हे उपचार करण्यास मनाई केली आहे. चौघांनी हातपाय धरून ठेवलेला, तडफडणारा रुग्ण पडद्यावर अजूनही येतो, आणि ज्याला त्या उपचाराची खरोखर गरज आहे त्याचे नातेवाईक आमच्यासमोर हात जोडून ‘शॉक तेवढा नको’ म्हणतात.

धाकटी बहीण

मी डॉक्टर नाही. माझ्या भावाला हा आजार आहे, आणि घरातला अनुभव म्हणून लिहिते आहे.

भाऊ एकवीस वर्षांचा असताना डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याला आवाज येतात हे आम्हाला फार नंतर कळले. त्याआधी त्याने स्वतःचे ताट स्वतः घासायला सुरुवात केली होती आणि आईने त्याचे कौतुक केले होते. मग तो आईने वाढलेले खाईना, स्वतः भात लावून घेऊ लागला. मग त्याने खोलीच्या झरोक्याला वर्तमानपत्र चिकटवले. पुढे अंघोळ चार-चार दिवसांनी. पहिल्यांदा परीक्षेत नापास झाला तेव्हा वडील म्हणाले, अभ्यास कमी पडला. दुसऱ्यांदा झाला तेव्हा म्हणाले, संगत वाईट आहे. आळस, प्रेमभंग, कोणाची तरी नजर, सगळी कारणे लावून झाली. आम्ही दर पौर्णिमेला त्याला नरसोबाच्या वाडीला घेऊन जात होतो, एकदा गाणगापूरलाही जाऊन आलो. हे मी टिंगल म्हणून लिहीत नाही. वाडीच्या घाटावर तो शांत बसायचा, आणि त्या दिवसांत तो कुठे शांत बसायचा ते आमचे आम्हाला ठाऊक. डॉक्टरांपर्यंत पोहोचायला आम्हाला चौदा महिने लागले.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ २००४ चा. मी तो बऱ्याच उशिरा, आईबरोबर घरी पाहिला. अतुल कुलकर्णी यांनी केलेल्या, हाच आजार असलेल्या शेषपेक्षा माझे लक्ष बहिणीकडे होते. भावाला घरी आणल्यावर तिच्या संसारात जी एक सततची सावधगिरी येते, दार वाजले तरी आधी भावाकडे पाहण्याची, ती मला ओळखीची वाटली. आईने मधेच चित्रपट थांबवून चहा केला आणि मग उरलेला पाहिला. आम्हाला तो पटला. का पटला हे मनोमन यांचे उत्तर वाचेपर्यंत मला नीट सांगता आले नसते; आता वाटते की त्यात आजाराभोवतीचे घर बरोबर होते म्हणून.

पण एक गोष्ट मला चित्रपटांत फारशी सापडत नाही, ती म्हणजे औषध सुरू झाल्यानंतरचा काळ. पडद्यावर गोळी एकदा दिसते, तीही रुग्ण ती थुंकून टाकतो म्हणून. आमच्याकडे गोळीने आवाज कमी झाले, पण चहाचा कप धरताना भावाचा हात थरथरू लागला आणि वर्षभरात त्याच्या सगळ्या पॅन्टी लहान झाल्या. नंतर क्लोझापिन हे औषध सुरू झाले तेव्हा पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचे होते. वडिलांनी साखर कारखान्याकडून मिळालेल्या डायरीत पांढऱ्या पेशींचे आकडे लिहायला सुरुवात केली. ज्या पानांवर पूर्वी उसाच्या बिलाचे हिशेब असायचे, तिथे ते आकडे आहेत. आजार संपला का, असे कोणी विचारले तर आम्ही काय सांगायचे? तो आता सकाळी भाजी आणतो, हिशेब चोख देतो, आणि लग्नसमारंभाला येत नाही.

नातेवाईक अजूनही विचारतात, “म्हणजे त्याच्यात दोन माणसे आहेत का?” हेही चित्रपट-मालिकांचेच देणे आहे.

चौथी भिंत

वरील दोन्ही उत्तरे मनापासून पटली, तरीही कलेच्या बाजूने थोडे भांडतो, कारण नाहीतर हा धागा दिग्दर्शकांनी डॉक्टरांकडून तपासून घ्यायच्या वहीसारखा होईल.

चित्रपटाने आजाराचे नाव घेतले की प्रेक्षकाला हायसे वाटते. समोरच्या माणसाकडे पाहण्याची जबाबदारी संपते. तो जे काही करील ते आजारामुळे, असे म्हणून आपण खुर्चीत मागे रेलतो. जॉन कॅसाव्हेटिस यांच्या १९७४ च्या ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’मध्ये मेबलला काय झाले आहे ते कोणीही सांगत नाही. घरगुती डॉक्टर येतो, तिला रुग्णालयात पाठवतो, सहा महिन्यांनी ती परत येते आणि नवऱ्याने तिच्या स्वागताला घरभर माणसे गोळा करून ठेवलेली असतात. हा काही वाईट माणूस नाही, त्याला फक्त सुचत नाही. त्या प्रसंगात मला प्रश्न पडला की या घरात रुग्ण कोण, आणि आजाराचे नाव आधी सांगितले असते तर तो पडलाच नसता. आपल्याकडे बाळंतपणाहून किंवा दवाखान्यातून आलेल्या बाईला भेटायला जसा अख्खा वाडा लोटतो, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही.

बर्गमन यांनीच ‘पर्सोना’मध्ये याच्या उलट केले आहे. नटी एलिझाबेट बोलणे थांबवते आणि तिची डॉक्टर सांगते की ती शरीराने व मनाने पूर्ण निरोगी आहे. म्हणजे निदान आहे, पण ते ‘काहीही झालेले नाही’ असे आहे, आणि त्याने कोडे अधिकच गडद होते. त्यानंतर ही डॉक्टर रुग्णाला परिचारिकेसह समुद्रकाठच्या स्वतःच्या घरी राहायला पाठवते! मनोमन, आपल्या व्यवसायात अशी सोय असल्यास कळवावे, मीही बोलणे थांबवतो. थट्टा सोडा, वैद्यकाच्या नियमांनी पाहिले तर तो सगळा प्रकार अशक्य आहे, आणि तरीही तो मला कधी खोटा वाटला नाही, कारण चित्रपट पहिल्या मिनिटापासून सांगतो आहे की मी दवाखान्याची गोष्ट सांगत नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे की, जो चित्रपट नाव घेतो त्याने त्या नावाचे देणे फेडावे. ‘अस्तु’ हा स्मृतिभ्रंशावरचा मराठी चित्रपट ते फेडतो. त्यातील निवृत्त संस्कृत प्राध्यापक मुलीला विसरतात, पण श्लोक त्यांच्या तोंडात शाबूत असतात, आणि हत्तीच्या मागे निघून गेल्यावर माहुताच्या बायकोला ते मूल होऊन बिलगतात. ही भूमिका करणारे मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ असल्यामुळे हे साधले असे लोक म्हणतात. मला तसे पूर्ण वाटत नाही, पण डॉक्टर असल्याने त्यांनी काय करायचे टाळले असेल ते दिसते. हात थरथरवणे नाही, नजर भिरभिरवणे नाही. आमच्या नाट्यस्पर्धांत वेडा माणूस म्हटला की केस विस्कटून बोटे चावणारा नट अजून दर वर्षी पाहायला मिळतो आणि त्याला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळते.

नाव घ्यायचे नसेल, तर मात्र मागच्या रांगेतल्या डॉक्टरांना ‘कळले नाही’ असे म्हणू द्यावे. गुळव्याच्या बाबतीत मी नाव गाळीन.

मनोमन

समुद्रकाठचे घर नाही, पन्हाळ्याच्या वाटेवर अर्धा गुंठा जागा आहे. रुग्णांना अद्याप पाठवलेले नाही.

नाव गाळल्याने वयाची अडचण सुटत नाही, एवढेच सांगतो. प्रेक्षकाला नाव कळले नाही तरी लेखकाला ते ठाऊक असावे लागते, नाहीतर दारूचे एक लक्षण, स्मृतिभ्रंशाचे दुसरे आणि स्किझोफ्रेनियाचे तिसरे असे मिश्रण होते आणि त्याला लोक ‘गूढ’ म्हणतात. मेबलला नाव नसले तरी ती पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत एकच बाई आहे.

धाकटी बहीण यांनी उल्लेख केलेल्या ‘दोन माणसां’बद्दल: स्किझोफ्रेनिया हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घडवला. त्याचा शब्दशः अर्थ दुभंगलेले मन असा होतो, पण विचार, भावना आणि वर्तन यांचे एकमेकांशी असलेले धागे सुटतात, असे त्यांना म्हणायचे होते. एका देहात दोन व्यक्ती ही कल्पना वेगळ्याच आणि पुष्कळ दुर्मीळ विकाराची आहे. मराठीत ‘छिन्नमनस्कता’ हा शब्द आला आणि गैरसमजही त्याच्याबरोबरच मुक्कामाला आला.

पंचगंगाकाठ

सर्वांचा ऋणी आहे. दोन रात्री संहिता पुन्हा वाचली आणि मनोमन यांनी दाखवलेली वयाची चूक मला आधी का दिसली नाही याचे नवल वाटले. मला गुळव्याचा बसलेला हात मोडताना दाखवायचा होता; त्या चित्राच्या मोहात मी माणसाला वीस वर्षे उशिरा आजारी पाडले होते.

आता नायक गुळव्याचा तेवीस वर्षांचा मुलगा आहे. बापाने याच हंगामात पहिल्यांदा पाक पाहण्याचे काम त्याच्या हाती दिले आहे. यामुळे एक गोष्ट आपोआप घडली, जी धाकटी बहीण यांच्या पत्रातून माझ्या लक्षात आली: मुलगा शिकाऊ असल्याने त्याच्या चुकीला आजार म्हणणे कोणालाच सुचत नाही. काहील करपते, गूळ न्यायला आलेला व्यापारी काळे रवे, म्हणजे गुळाच्या काळ्या ढेपा, बाजूला काढतो आणि बाप त्याला म्हणतो, “हात बसायला वेळ लागतो.” डॉक्टरांचे तीन मिनिटांचे दृश्य काढून टाकले. केसपेपरवर लिहिणारा हात, प्रश्नचिन्ह, आणि त्यानंतर पेन किंचित थांबते, एवढेच ठेवले आहे. नाव वाचता येईल की नाही ते छायाचित्रकारावर सोडतो. चुलवणाचा आवाजही काढून टाकला. चिपाड घालणारे दोघे जण आपापसांत बोलत आहेत असे आधी वाटेल आणि नंतर कॅमेरा वळेल तेव्हा चुलवणापाशी कोणी नसेल.

बापाच्या त्या वाक्यावर पहिला भाग संपवावा असे मनात आहे.

धाकटी बहीण

त्या वाक्यावर संपवू नका. पुढच्या हंगामात पुन्हा काहील करपू द्या आणि बापाला तेच वाक्य पुन्हा म्हणू द्या. आमचे वडील दुसऱ्या परीक्षेनंतरही तसेच काहीतरी म्हणाले होते, आणि त्या वेळी ते भावाकडे न पाहता दाराकडे पाहत होते.